ठाण्याची खाडी आणि अकरावा फर्मा

नाशिकहून निघाले तेव्हा सॅकमध्ये माझ्याच कादंबरीच्या वीस प्रती होत्या. ज्यांनी कधी पुस्तकं पाठीवर वाहिलीयत त्यांना सांगायला नको, ठाणे स्टेशनचा जिना चढेपर्यंत माझे दोन्ही खांदे भरून आले होते. मावशी नौपाड्यात राहते त्यामुळे ठाण्याला लहानपणापासून येतेय, पण मावशीचं घर, तलावपाळी, राममारुती रोड आणि परत, यापलीकडे ठाणं कधी बघितलंच नव्हतं. पहिला दिवस मावशीकडे जेवण्यात आणि दुकानांमधून पुस्तकं ठेवण्यात गेला (दोन दुकानांनी पाच-पाच प्रती घेतल्या, कमिशन निम्म्याच्या जवळ, पैसे विकल्यावर). तिसरा दिवस पावसात. लिहायचंय ते मधल्या दिवसाबद्दल.

ऐतिहासिक रहस्यकथा लिहिते म्हटलं की ठाण्यात प्रत्येकजण एकच सांगतो, अगं मग पहिल्या रेल्वेवर लिही ना. १६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे, १४ डबे, ४०० माणसं, साहिब सिंध सुलतान अशी तीन इंजिनं. लिहीन कधीतरी, विषय चांगलाच आहे. पण माझा जीव त्याच्या ३७ वर्षं आधीच्या एका संध्याकाळी अडकलाय आणि ती संध्याकाळ आत्ता जिथे ठाण्याचं सेंट्रल जेल आहे तिथली आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जुलै १८१५ मध्ये बडोद्याच्या गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री यांचा पंढरपुरात खून झाला. संशय दुसऱ्या बाजीरावाचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे यांच्यावर, आणि इंग्रजांनी दबाव आणून त्यांना ताब्यात घेतलं ते ठाण्याच्या किल्ल्यात ठेवलं. पहारा मुद्दाम सगळा गोऱ्या सैनिकांचा, म्हणजे कोणी फितूर व्हायला नको. आणि नेमकं तिथेच फसले. किल्ल्यातल्या एका इंग्रज अधिकाऱ्याकडे मराठी मोतद्दार (घोड्याची निगा राखणारा नोकर) होता, तो साहेबाचा घोडा फिरवायच्या निमित्ताने त्रिंबकजींच्या खिडकीखालून ये-जा करायचा आणि जाता-येता गाणं म्हणायचा. पहारेकऱ्यांना मराठी येत नव्हतं. पळून जायचा सगळा बेत त्या गाण्यातून आत पोचला आणि १२ सप्टेंबर १८१६ ला त्रिंबकजी किल्ल्यातून निसटले. पुढे १८१८ मध्ये पकडले गेले, चुनारच्या किल्ल्यात राहिले, तिथेच वारले.

कलकत्त्याचा इंग्रज बिशप हेबर याने आपल्या प्रवासवर्णनात ते गाणं इंग्रजी पद्यात दिलंय, त्यात ५५ घोडे आहेत आणि ५४ माणसं, पंचावन्नावा स्वार कोण ते ज्याला कळायचं त्याला कळलं. मूळ मराठी ओळी मात्र मी शोध शोध शोधल्या, मला नाही मिळाल्या. मोतद्दाराचं नावही मिळालं नाही. एवढं मोठं काम केलेला माणूस आणि त्याला नाव नाही, हे मला वाचलं त्या दिवसापासून छळत होतं आणि त्यातूनच कादंबरी झाली. त्यात कचेरीतला एक मोडी लिहिणारा कारकून दुसऱ्या दिवसापासून शोध घेतो की आतून मदत कोणी केली, आणि जसजसं त्याला गाणं उलगडत जातं तसतसं आपण हे साहेबाला सांगायचं की गिळून टाकायचं हा प्रश्न त्याच्या मानगुटीवर बसतो.

प्रकाशकांकडे दोन वर्षं फिरले. मग एका सेल्फ पब्लिशिंगच्या पॅकेजवाल्यांना बावीस हजार अॅडव्हान्स दिला, त्यांनी कव्हरवर राजस्थानातला किल्ला टाकून पाठवला आणि नंतर फोन उचलणं बंद केलं. ते पैसे गेले. शेवटी सगळं स्वतःच केलं. आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक) आपल्याकडे फुकट मिळतो हे खूप जणांना माहीत नसतं, राजा राममोहन रॉय यांच्या नावाची सरकारी एजन्सी आहे, ऑनलाइन अर्ज करायचा. किंडलवर मराठी ई-बुक टाकता येतं, तेही टाकलं. छापील पुस्तकासाठी मात्र आमच्या इथल्या प्रेसवर रोज संध्याकाळी जाऊन बसले, कारण युनिकोडमधला मजकूर डीटीपीच्या जुन्या फॉन्टमध्ये गेला की 'ऱ्य' फुटतो, आणि माझ्या पुस्तकात पानोपानी किनाऱ्यावर, पहाऱ्यावर, वाऱ्याने! प्रत्येक ऱ्या डोळ्यांनी तपासलाय मी. २४० पानं म्हणजे १५ फर्मे (एका मोठ्या कागदावर एकत्र छापलेली सोळा पानं म्हणजे एक फर्मा), ३०० प्रती, त्यातल्या १५० बांधून घेतल्या आणि उरलेले फर्मे तसेच बाईंडरकडे ठेवले, विकतील तसे बांधू म्हणून. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तर मधला दिवस. सकाळी मराठी ग्रंथसंग्रहालयात गेले. १८९३ ची संस्था आहे, नुसतं त्या कपाटांच्या मधून चालताना मला भरून येतं. एक प्रत तिथे दिली. मग मिसळ खाल्ली (मामलेदारची, मीडियम, डोळ्यातून पाणी) आणि जेलकडे निघाले.

जेलच्या भिंतीसमोर उभं राहून काही दिसत नाही हे आधीच माहीत होतं. पोर्तुगीजांनी किल्ला बांधायला घेतला, तो पुरता व्हायच्या आत १७३७ मध्ये चिमाजी आप्पांच्या मोहिमेत मराठ्यांनी घेतला, १७७४ मध्ये इंग्रजांनी. आता आत कैदी आहेत, त्यामुळे आत जाणं नाही, फोटो नाही. गेटवरच्या पोलिसांनी विचारलं काय काम आहे ताई, मी म्हटलं काही नाही, बघायचं होतं, तर म्हणाले लांबून बघा. योग्यच आहे त्यांचं. मी नाशिकची, त्यामुळे अनंत कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे आठवल्याशिवाय राहतच नाहीत, नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याच्या खुनासाठी १९ एप्रिल १९१० ला याच भिंतीच्या आत तिघांना फाशी दिली. दोन मिनिटं चप्पल काढून उभी राहिले. ट्रॅफिक चालूच होतं.

किल्ला आतून बघता येत नाही म्हटल्यावर खाडी तरी बघू म्हणून रिक्षाने पूर्वेला मीठबंदर रोडला गेले. ठाणं ज्यावर वसलंय ते साष्टी हे बेट, म्हणजे ठाण्यातून पळालेला माणूस पाणी ओलांडल्याशिवाय सुटत नाही, माझ्या कादंबरीतला सगळ्यात महत्त्वाचा प्रसंग तोच आहे आणि खरं सांगायचं तर तो मी नाशिकला घरात बसून, मॅप उघडून लिहिला होता. खाडी मी ट्रेनच्या खिडकीतूनच पाहिलेली. हे चुकलंच.

चेंदणी कोळीवाड्याजवळ एक काका जाळं दुरुस्त करत बसले होते. वय सत्तरच्या पुढे असेल, बनियन, पायाच्या अंगठ्यात जाळ्याची कड अडकवलेली, हातातली सुई जराही न थांबता माझ्याशी बोलत होते. मी म्हटलं काका, दोनशे वर्षांपूर्वी इथून एक माणूस रात्री होडीतून पळाला, त्यावर पुस्तक लिहिलंय. त्यांनी वर न बघताच म्हटलं, "वाचून दाव."

मी सॅकमधून प्रत काढली, पान १६३ उघडलं आणि वाचलं. अमावास्येचा मिट्ट काळोख, भरतीचं पाणी तटाला लागलेलं, होडी भिंतीला चिकटून उभी, त्रिंबकजी एका पावलात होडीत. मला तो परिच्छेद फार आवडायचा.

काकांची सुई थांबली. म्हणाले, "तिथ कनची?"

मी म्हटलं काका ते अमावास्या मी आपली... काळोख हवा म्हणून.

"तारीख हाय ना तुझ्याकडं? तिथ काढ."

मोबाईलवर जुनं पंचांग काढायला पाच मिनिटं लागली, रेंज नव्हती. १२ सप्टेंबर १८१६, गुरुवार, भाद्रपद वद्य, षष्ठीच्या आसपास. काकांनी बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवला. "सहाची पाऊणपट किती? साडेचार. साडेचारला भरती. इकडं आत यायला पान्याला अजून टाइम लागतो. तुझा मानूस पळाला कधी?" मी म्हटलं संध्याकाळनंतर, अंधार पडल्यावर. "मंग पानी उतरतीला. आणि अष्टमी जवळ, म्हंजे भांगाचं पानी, त्याला जोर नाय. कुटची भरती नि कुटची भिंत! होरी लांब हुबी ऱ्हायल, मानूस गुडघाभर चिखलातनं जाल बाय."

हा हिशोब कोकणात घराघरात माहीत असणार, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. मला चाळिशी उलटून गेली तरी माहीत नव्हता. मी पुस्तकासाठी १८८२ च्या गॅझेटियरचा ठाण्याचा खंड वाचला, पेशवे दप्तराचे छापील खंड चाळले, मोडीचा क्लास केला, आणि ज्या पाण्यावर सगळा प्रसंग तरंगतो ते पाणी त्या रात्री तिथे होतं का हे कोणाला विचारलंच नाही. रहस्यकथेत वाचकाला आपण शब्द देतो की सगळे पुरावे खरे आहेत, तू शोध. आणि मी पाणीच खोटं दिलं होतं.

डोळ्यात पाणी आलं माझ्या. काकांना वाटलं मिसळीमुळे नाक ओढतेय की काय, त्यांनी आतून पाण्याचा तांब्या मागवला. काकूंनी बरोबर चहाही आणला, कोरा, आलं घातलेला. अनोळखी बाई दारात येऊन दोनशे वर्षांपूर्वीच्या होडीबद्दल विचारते आणि हे लोक तिला बसायला खुर्ची देतात, चहा देतात. दुकानांमध्ये मला उभ्याने बोलवलं आणि उभ्याने घालवलं होतं.

चहा पिताना काकांनी समोर बोट दाखवलं. ओहोटी लागली होती. तिवरांच्या मुळांखालून काळा चिखल हळूहळू उघडा पडत होता, आणि कोणीतरी सकाळी होडीपर्यंत चालत गेलेलं, त्याच्या पावलांची खोल भोकं रांगेने दिसत होती. प्रत्येक भोकात थोडं पाणी राहिलेलं. काका म्हणाले हा चिखल पायाला बसला की धुतला तरी नखात राहतो, आणि वाळला की राखेसारखा पांढुरका दिसतो, कोण खाडीत उतरून आलाय ते आम्ही पायावरून सांगतो.

मी चहाचा कप तसाच धरून बसले. माझा कारकून १३ सप्टेंबरच्या सकाळी तबेल्यात जातो तेव्हा त्याला मोतद्दारावर संशय येण्यासाठी मी एक चिठ्ठी सापडवली होती. चिठ्ठी! ज्या माणसाने सगळा निरोप गाऊन पोचवला तो चिठ्ठी कशाला लिहील? त्याच्या नखातला पांढुरका चिखल पुरे होता. वद्य षष्ठी म्हणजे चंद्रही रात्री दहाच्या सुमारास वर येणार, म्हणजे अमावास्येची गरजच नाही, अंधार पडल्यापासून चंद्र उगवेपर्यंतच जो काही वेळ आहे तेवढ्यात पाणी ओलांडायचं, त्याने प्रसंग अजून ताणला जातो. आणि भाद्रपद वद्य म्हणजे पितृपंधरवडा. मोतद्दार साहेबाकडून सुट्टी कशी मागतो हा माझा अडलेला प्रश्न होता, बापाचं श्राद्ध आहे म्हणून मागेल ना!

मावशीकडे परत येऊन प्रेसवाल्यांना फोन केला. पान १६१ ते १७६ म्हणजे अकरावा फर्मा, होडी आणि तबेला दोन्ही त्यातच येतात. न बांधलेल्या १५० प्रतींचा तेवढा एक फर्मा नव्याने छापता येईल म्हणाले, बाकी चौदा तसेच चालतील, पण मजकूर बरोब्बर सोळा पानातच बसला पाहिजे, एक ओळ इकडे तिकडे नाही. बांधलेल्या प्रतींना शुद्धिपत्र चिकटवायचं. ई-बुक तर त्याच रात्री बदलता येतं. प्रकाशकाकडे असते तर दुसरी आवृत्ती निघेपर्यंत थांबावं लागलं असतं आणि ती निघते का हाच प्रश्न.

तिसऱ्या दिवशी पाऊस, मी मावशीच्या डायनिंग टेबलवर सोळा पानं पसरून बसले. अमावास्येच्या सगळ्या ओळी काढल्या, चिठ्ठी काढली, त्या जागेत चिखल आणि श्राद्ध बसवलं. तेवीस ओळींची जागा कमी पडत होती, मग इंग्रज अधिकाऱ्याच्या दिवाणखान्याचं वर्णन कापलं, ते कोणालाच लागत नव्हतं.

निघायच्या आधी स्टेशनच्या पूर्वेला उतरून पुन्हा कोळीवाड्यात गेले. काका नव्हते, पाण्यावर गेलेले. काकूंकडे प्रत दिली, आत शुद्धिपत्र हाताने लिहून ठेवलं होतं. काकू म्हणाल्या त्यांना वाचता येत नाही नीट, नात वाचून दाखवेल. मग विचारलं, "तो घोडेवाला, त्याचं नाव काय ठेवलंस?"

मी म्हटलं, राघू.

"कोळ्याचा होता?"

नोंद नाही म्हटलं काकू, कुठेच नोंद नाही. त्या जरा वेळ पुस्तकाच्या कव्हरवरून हात फिरवत राहिल्या आणि म्हणाल्या, चिखल माहीत असणारा होता म्हणजे इथलाच असंल. ते वाक्य आता पान १७४ वर आहे, कारकुनाच्या आईच्या तोंडी.