हिशेबाच्या वहीत जे उरलं

मार्चचा दुसरा रविवार. रात्रीचे साडेदहा.

आज ताट्यावाले काका आले होते. सायकलच्या मागे कूलरच्या ताट्यांचा एवढा ढीग बांधलेला की पाठीमागून बघितलं तर माणूस दिसतच नाही, फक्त ढीग चालत येतो. दरवर्षी होळीच्या पुढेमागे त्यांची हाक येते. दारातूनच भाव विचारायचा, थोडी घासाघीस करायची आणि आत निघून जायचं, हे माझं इतक्या वर्षांचं. आज मात्र स्टूल घेऊन अंगणात बसले, त्यांच्या शेजारी.

त्यांनी मागच्या उन्हाळ्याच्या ताट्या उपसून काढल्या. खालच्या पट्टीवर पाण्याचा खार साचला होता, नखानं खरवडला तर चुन्यासारखा पांढरा निघाला. मग जाळी झाडली आणि लाकडाचा कोरडा कीस पसरायला घेतला. खालच्या अंगाला पातळ थर. वर मात्र मूठ मूठ जास्त, तळहातानं दाबून दाबून. मला वाटलं, घाईत वेडंवाकडं भरून राहिले. विचारलंच.

"वरून जास्तच भरा लागते बाई," ते म्हणाले. "पाणी पडलं का हे सारं खाली बसते. वर जागा मोकळी झाली का गरम हवा तिथूनच घुसते."

तीस वर्षं मी कूलरसमोर झोपते आहे. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ तापलेल्या दिवसांत, पारा पंचेचाळीसच्या वर जातो तेव्हा कूलर हाच आमचा कुलदेव. आपला उन्हाळा कोरडा, म्हणून ओल्या ताटीतून आलेली हवा गार लागते. खिडकी बंद ठेवली तर खोली नुसती चिकट होते. नागपुरातल्या लहान पोट्ट्यालाही एवढं माहीत असतं. पण ताटी वरून जाड का असते, हे मला आज कळलं. कारण आज पहिल्यांदा बसून बघितलं.

हे लिहिताना एक जुनी गोष्ट वर आली आहे, तीही लिहून ठेवते.

पंधरा-सोळा वर्षं झाली असतील. एका दिवाळी अंकाकडे कथा पाठवली होती. समुद्रकाठचं गाव, धुकं, जुना वाडा, त्यात एकटी बाई. समुद्र मी तोवर एकदाच पाहिला होता, कॉलेजच्या सहलीत, तोही दुपारी दोन तास. कथा परत आली. शेवटच्या पानावर पेन्सिलनं लिहिलं होतं, 'भाषा चांगली आहे. पण या घरात कुणी राहत नाही.'

मी खूप रडले होते. त्यानंतर दोन वर्षं काही लिहिलं नाही. विदर्भ साहित्य संघाच्या कार्यक्रमांना मात्र जात राहिले. 1923 साली सुरू झालेली ही संस्था, तिथे बर्डीला झाशी राणी चौकात किती मोठ्या माणसांना ऐकलं! ऐकून भारावून घरी यायचे, वही उघडायचे आणि पुन्हा तेच धुकं. सुचणं म्हणजे दूर कुठेतरी असलेली गोष्ट, आणि आपण चुकून अंबाझरीच्या खालच्या गल्लीत येऊन पडलो आहोत, असं मनापासून वाटायचं.

मग 23 सप्टेंबर 2023 ची ती रात्र. काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीचं पाणी वस्त्यांत शिरलं. आमच्याकडे पहाटे उंबरठ्यावरून आलं. आधी पायपुसणं तरंगलं, मग चपला. आईंना, म्हणजे सासूबाईंना, डायनिंग टेबलवर बसवलं, त्यांच्या मांडीवर देवघरातले देव दिले. पलंगाखालच्या पेटीची आठवण झाली तेव्हा पाणी गुडघ्याला लागलं होतं. त्या पेटीत माझ्या सगळ्या वह्या.

पाणी ओसरल्यावर घरभर काळा गाळ. तो वास अजून नाकात आहे. दोन दिवसांनी ऊन पडलं तेव्हा वह्या गच्चीवर नेल्या, पान पान सुटं करून विटांखाली वाळत घातलं. कविता मी शाईच्या पेननंच लिहायचे, कविता शाईनंच लिहायची असते अशी समजूत होती. त्या सगळ्या पानांवर फिका निळा रंग पसरला होता, एक ओळ लागत नव्हती. आणि त्याच पेटीतल्या घरखर्चाच्या वह्या? त्या बॉलपेनच्या. कडा तपकिरी झालेल्या, पानं फुगलेली, पण अक्षर न् अक्षर जागेवर. बॉलपेनची शाई तेलाची असते, ती पाण्याला दाद देत नाही.

गच्चीवर उकिडवी बसून मी ते वाचत राहिले.

'ताट्या 3. खस परवडली नाही.'

'संत्री 1 डझन. आईंनी अर्धी शेजारी दिली.'

'तान्हा पोळा. लाकडी बैल, चाकांचा. मोठा मागत होता, रडला.'

त्या शेवटच्या ओळीपाशी माझं ऊन, गाळ, सगळं विसरायला झालं. इतवारीच्या बाजारातली ती गर्दी, मुलांच्या पोळ्यासाठी ओळीनं मांडलेले बैल, त्यांच्या शिंगांवरचा ओला रंग, माझ्या पोराचं लाल झालेलं नाक, आणि माझ्या पर्समधल्या मोजलेल्या नोटा. महिनाअखेर होती. त्याला म्हटलं होतं, मोठ्या बैलाची चाकं लवकर मोडतात. खोटं होतं ते. वीस-बावीस वर्षांनी ते खोटं मला त्या ओळीत सापडलं. ज्या घरात माणसं राहत होती ते घर हे होतं, आणि मी ते दूध-किराण्याच्या वहीत लिहीत होते.

तेव्हापासून रोज रात्री बॉलपेननं लिहिते. एक पाहिलेलं, एक ऐकलेलं. ऐकलेलं ज्या शब्दांत बोललं गेलं त्याच शब्दांत, आपल्या पदरचं काही न घालता. सुचण्याची वाट बघायची नाही. काल मेट्रोनं कॉटन मार्केटला गेले, तिथे संत्रेवाली म्हणाली, "मृगाचं आहे ताई, घ्या, आंबियाचं गेलं आता." पावसाळ्याच्या तोंडाशी फुललेला मृग बहर आत्ता उतरतो, हिवाळ्याअखेर फुललेला आंबिया बहर दिवाळीच्या आसपास. आपल्या गावाची ओळख ज्या फळावरून, त्याचं हे वेळापत्रक मी पन्नाशीत शिकते आहे, याची थोडी लाज वाटली. पण शिकते आहे याचा आनंद जास्त.

आईंचंही लिहिलंच पाहिजे. त्याशिवाय हे पान खरं होणार नाही.

माझी वर्षानुवर्षांची तक्रार अशी की आई सतत टोमणे मारतात. माहेरी सांगून झालं, मैत्रिणींना सांगून झालं. रोजनिशीतही एकदा लिहिलं, 'आज पुन्हा टोमणा.' मग नियम आठवला. शब्द काय होते? लिहायला बसले तर शब्द निघाले, "तू जेवून घे, त्याची वाट नको पाहू." दुसऱ्या दिवशी, "इतक्या उन्हात काहून चालली?" आठवडाभर असं टिपत गेले. सात वाक्यं जमली. त्यांतले दोन खरोखरच टोमणे होते, झोंबणारे, तेही तसेच ठेवले आहेत. पाच नव्हते. ती पाच वाक्यं मी पुन्हा पुन्हा वाचली. त्यांत टोमणा कुठून आला असेल तर तो माझ्या कानातून. एवढ्या वर्षांत मी त्यांचा सूर ऐकत होते आणि शब्द सोडून देत होते, हे कळलं तेव्हा फार वाईट वाटलं.

त्यानंतर एका संध्याकाळी त्यांच्याजवळ बसून त्या बैलाचं विचारलं. आठवतो का, म्हटलं, लहानपणी याला घेतला होता तो.

"माळ्यावर आहे न," आई म्हणाल्या. "चाक एक गेलं. पण मी ठेवला."

स्टूल लावून चढले. त्यांच्या जुन्या नऊवारीच्या तुकड्यात गुंडाळलेला होता. शिंगांचा लाल रंग तसाच. पुराच्या पाण्यात घरातलं खालचं सगळं गेलं, हा वर होता म्हणून राहिला. आता टेबलावर आहे, वहीच्या बाजूला, तीन चाकांवर कलून. त्याच्यावर कथा लिहायला घेतली आहे, चौदा पानं झाली आहेत. पोराला फोन करून ते चाकांचं खोटं सांगून टाकलं. तो हसला आणि म्हणाला, "मला माहीत होतं आई." यावर मला काही बोलताच आलं नाही. हे त्या कथेत घ्यायचं की नाही, ते अजून ठरत नाही.

कूलर आज पहिल्यांदा लावला आहे. नव्या ताटीवर पाणी पडलं की ओल्या लाकडाचा जो वास सुटतो, तो सबंध घरात भरला आहे. वरून ताटी फुगलेली दिसते, काकांनी सांगितलं तशी अजून बसायची आहे. आतल्या खोलीतून आई आत्ता म्हणाल्या, "खिडकी उघड न थोडी, सकाळी गादी ओली लागते मग."

लिहून घेतलं. उठते, खिडकी उघडते.