कार्ड भरून घेतलं, पण भेटायला कोण जाणार?

इंग्लंडात बऱ्याच ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये, म्हणजे चर्चमध्ये, येशूवर नव्याने विश्वास ठेवणारा कुणी पुढे आला की आधी त्याच्या हातात कार्ड देतात. नाव, फोन आणि खाली एक चौकोन: मला संपर्क केलेला चालेल. चौकोनात खूण नसेल तर फोन नाही, घरभेट तर नाहीच. २०१८ पासूनच्या डेटा संरक्षण नियमांत माणसाची श्रद्धा ही त्याच्या आजारपणाइतकीच नाजूक माहिती धरलेली आहे.

नियमामागचं कारण पटतं. घरच्यांना अजून काही सांगितलेलं नसताना एखाद्याचं नाव प्रार्थनेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकणं ही आपल्याकडची वाईट खोड आहे, ती मोडायलाच हवी. पण खूण केलेली कार्डंही इथे कपाटात पडून राहतात, त्याचं काय? दोन दिवसांत फोन गेला नाही तर माणूस स्वतःहून येत नाही. लाजतो, किंवा आपण घाईच केली असं त्याला वाटू लागतं. आपल्याकडे महाराष्ट्रात पाळक, म्हणजे मंडळीचे धर्मगुरू, सोमवारी संध्याकाळी दारात हजर असतात. चहा होतो, एखादं गीत होतं, प्रार्थना होते. इथे याला घुसखोरी म्हणतात.

आणि घरभेट हे काही आपलं खेडवळ वेड नव्हे. १७४२ साली इथल्याच ब्रिस्टलमध्ये मेथडिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी आपल्या सभागृहाचं कर्ज फेडायला बारा-बारा जणांचे वर्ग पाडले. पुढाऱ्याने दर आठवड्याला प्रत्येकाकडून एक पेनी गोळा करायची. पेनीसाठी घरोघर फिरताना कोण कसं जगतंय, कोण ढासळतंय ते दिसू लागलं. वर्ग पुढे एका जागी भरू लागले, पण सुरुवात दारात जाऊनच झाली होती.

एका नव्या माणसामागे एकच जबाबदार व्यक्ती असावी: बाईमागे बाई, पुरुषामागे पुरुष, जमल्यास त्याच्याच भाषेची. पाच जणांचे फोन गेले की तो उचलणंच बंद करतो. अख्खं बायबल हातात देऊ नये. उत्पत्ती या पहिल्या पुस्तकापासून निघालेला लेवीय या तिसऱ्या, नियमांनी भरलेल्या पुस्तकापाशी अडकतो. मार्काच्या शुभवर्तमानाचे, म्हणजे येशूच्या चरित्राचे, सोळा अध्याय, आठवड्याला चार, म्हणजे महिनाभराचं वाचन. भेटीत दोनच प्रश्न: येशूविषयी काय दिसलं, आणि काय कळलं नाही? उपासनेनंतरच्या चहाच्या वेळी त्याला एकटं सोडू नये. सगळे आपापल्या ओळखीच्यांत रमतात आणि नवा माणूस कप धरून भिंतीशी उभा राहतो. पुष्कळ जण तिथूनच गळतात.

प्रश्नांची भीती नको. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इथेच, वाँटेजला झाला. तिथल्या मठातल्या सिस्टर जेराल्डीन त्यांना पत्रांतून आज्ञापालन शिकवत राहिल्या, तर भारतातल्या पुरोहितांचं जोखड काढलंय ते तसंच दुसरं घ्यायला नव्हे, असं रमाबाईंनी कळवलं. त्रैक्याविषयी, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव या शिकवणीविषयी, शंका विचारणारी ती बाई विश्वासात टिकली, आणि केडगावला मुक्ती मिशन उभं राहिलं.

मराठी विद्यार्थ्यांच्या बाबतीत वेळ फार थोडा असतो. मास्टर्सचं एकच वर्ष, मग दुसरं शहर किंवा परतीचं विमान. व्हिसा संपण्याआधी बाप्तिस्मा उरकायची घाई करू नये. त्यापेक्षा निघण्याच्या महिनाभर आधी, त्याला विचारून, पुढच्या गावातल्या मंडळीत एक माणूस शोधावा आणि तिघांनी मिळून व्हिडिओ कॉल करावा. नुसता पत्ता दिला तर तो तिथे जात नाही.