आठ ऋतू, पण त्यात पावसाळा नाही

डिसेंबरात रीगामध्ये, म्हणजे लाटव्हियाच्या राजधानीत, पावणेचारला दिवस संपतो. पहिल्या वर्षी मी चहाच्या वेळेला रात्रीच्या जेवणाची भांडी काढायचो. अशाच एका संध्याकाळी ऑफिसातल्या सहकाऱ्याने जास्तीचं तिकीट हातावर ठेवलं. संगीत शिकणाऱ्या पोरांचा तंतुवाद्यांचा छोटा वृंद होता. विवाल्डी या जुन्या इटालियन संगीतकाराने चार ऋतूंवर संगीत लिहिलंय, आणि अर्जेंटिनाच्या आस्तोर पियाझोलानेही. आधी विवाल्डीचा एक ऋतू, मग पियाझोलाचा एक, असे आठ ऋतू वाजवणार होते. मी गेलो ते खरं तर हॉल गरम असतो म्हणून.

पियाझोलाचा उन्हाळा सुरू झाला आणि मी दचकलो. एका पोरीने व्हायोलिनचा गज घोडीच्या, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीच्या, पुढे न फिरवता मागे, जिथे कुणी वाजवत नाही तिथे, खर्रर्र करून ओढला. गाव मिरज असल्यामुळे घोडी, तारा, भोपळे लहानपणापासून बघितलेत. असा गज कुणी आमच्या गल्लीत ओढला असता तर कारागिराने वाद्य काढून घेतलं असतं. मध्यंतरात कळलं, पियाझोलाचं संगीत म्हणजे तांगो, अर्जेंटिनातलं नाचाचं संगीत, आणि या आवाजाला तांगोवाले ‘चिचार्रा’ म्हणतात, म्हणजे रातकिड्यासारखं किरकिरणारा किडा. शिवाय बोट तारेवरून सर्रकन वर नेऊन काढलेला ‘लातिगो’, म्हणजे चाबूक. ढोल-ताशा नाही, सगळी ठोकाठोक व्हायोलिनवरच. आणि खाली ठेका: एक-दोन-तीन, एक-दोन-तीन, एक-दोन. मात्रा आठच, आपल्या केरव्याएवढ्या, पण वाटणी तिरकी. मी मांडीवर बोटं आपटत बसलो होतो. शेजारच्या आजींनी एकदा बघितलं, मग त्यांचीही बोटं हलायला लागली.

घरी आल्यावर बाबांना व्हिडिओ पाठवला. ते भजनी मंडळात पेटी वाजवतात. फोन आला तो असा: ‘‘पेटी कुठंय रे यात?’’

प्रश्न बरोबर होता. तांगोचा जीव बँडोनियन नावाच्या भात्याच्या वाद्यामध्ये. हे वाद्य मूळचं जर्मन, स्थलांतरितांबरोबर अर्जेंटिनाच्या राजधानीत, ब्युनोस आयर्सला पोहोचलं आणि तिकडचंच झालं. आपल्या पेटीसारखंच, तीही युरोपातूनच आलेली. भाता दोन्ही हातांच्या मध्ये, दोन्ही बाजूंना मिळून ७१ बटणं, आणि बरीचशी बटणं भाता ओढताना एक सूर देतात, दाबताना दुसराच.

‘‘म्हणजे शिकणाऱ्याची वाट लागली,’’ बाबा म्हणाले. पण आवाजात हेवा होता.

तर त्या आठ ऋतूंत बँडोनियन नाहीच. पियाझोलाने आपले चार ऋतू पंचकासाठी लिहिले होते: बँडोनियन, व्हायोलिन, पियानो, इलेक्ट्रिक गिटार, डबल बास. १९९०च्या दशकात लिओनिद देस्यात्निकोव्ह या संगीतकाराने ते एकल व्हायोलिन आणि तंतुवृंदासाठी नव्याने बसवले, गिडोन क्रेमर या व्हायोलिनवादकासाठी. ब्युनोस आयर्स पृथ्वीच्या खालच्या अर्ध्यात, तिकडे जानेवारीत घाम आणि जुलैत स्वेटर. म्हणून देस्यात्निकोव्हने पियाझोलाच्या उन्हाळ्यात विवाल्डीचा हिवाळा हळूच घुसवला. मला हा विनोद तिसऱ्यांदा ऐकल्यावर कळला, आणि मी बसमध्ये एकटाच हसलो.

क्रेमर रीगाचाच, जन्म १९४७ चा. पन्नाशीला त्याने स्वतःलाच भेट दिली: लाटव्हिया, लिथुआनिया आणि एस्टोनियातल्या तरुण वादकांचा ‘क्रेमेराटा बाल्टिका’ हा वृंद. पियाझोलाचा नाद त्याआधीपासूनचा. १९९६ पासून त्याने पियाझोलाची एकामागून एक ध्वनिमुद्रणं केली, १९९८ मध्ये ‘मारिया दे ब्युनोस आयर्स’ ही अख्खी तांगो-संगीतिका आणि २००० मध्ये या वृंदाबरोबर हे आठ ऋतू. एवढी वर्षं टिकतं त्याला मी तरी हौस म्हणणार नाही. तसा तांगो इथे परका नाहीच. ऑस्कर स्ट्रोक नावाचा तांगोचा मोठा रचनाकार याच शहरात राहायचा. हे मला त्या आजींनीच जमा केलेले कोट परत घ्यायच्या रांगेत सांगितलं, माझा बिल्ला हरवल्याने आम्हाला भरपूर वेळ होता.

पियाझोलाची गोष्ट बाबांना सांगितली ती मात्र वेगळी. १९५४ मध्ये तो पॅरिसला नादिया बुलांजे या नामवंत संगीतशिक्षिकेकडे शिकायला गेला तेव्हा आपण तांगो वाजवतो हे त्याने लपवलं होतं. नाचगाण्याच्या अड्ड्यांवरचं संगीत, सांगायला लाज वाटायची. बाईंनी खोदून विचारलं, एक तांगो ऐकला आणि म्हणाल्या, खरा पियाझोला हा आहे, हा सोडू नकोस. नंतर मायदेशी जुन्या जाणत्यांनी ‘हा तांगोच नव्हे’ म्हणून त्याला सोलून काढलं. बाबा म्हणाले, ‘‘रेडिओनं पेटीला तीस वर्षं दाराबाहेर ठेवलं होतं, मला नवीन सांगू नकोस.’’ मग मागून आईचा आवाज: ‘‘आठ ऋतू म्हणतोस, त्यात पावसाळा कितवा?’’

नाहीये. आठात एकही नाही.

आता जुलै चाललाय. इथे रात्री दहालाही खिडकीत उजेड आहे. परवा बाबांचं एक रेकॉर्डिंग आलं, दीड मिनिटाचं. पेटीवर काहीतरी खटपट, तीन-तीन-दोन, तिसऱ्या आवर्तनात चुकले, ‘हॅत्’ म्हणाले, परत धरलं. आणि मागे, सगळ्या वेळ, ओसरीच्या पत्र्यावर पाऊस.