'सेंड बॅक' म्हणजे नकार नव्हे

आमच्या कॉलेजच्या समान संधी केंद्रात एक लांबट टेबल, दोन कॉम्प्युटर आणि एक स्कॅनर आहे. प्रॅक्टिकलचे दिवस सोडले तर गेली दोन वर्षं रोज दुपारी दोन ते पाच मी तिथे बसते. महाडीबीटीवर, म्हणजे राज्य सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवर, शिष्यवृत्तीचे अर्ज भरणाऱ्या ज्युनिअर मुलामुलींना मदत करायची, हे काम. कागदोपत्री मी 'विद्यार्थी मार्गदर्शक' आहे, मुलं ताई म्हणतात.

सुरुवातीला वाटलं होतं, फॉर्म भरून दिले की झालं. पण पोरं अडतात ती फॉर्म भरून झाल्यावर.

मागच्या वर्षी बी.एस्सी. पहिल्या वर्षाच्या एका मुलीला तिची रूममेट हाताला धरून घेऊन आली. किनवटकडची मुलगी. तीन आठवडे वर्गात गेली नव्हती, गावी परत जायचं म्हणून बॅगही भरून ठेवली होती. लॉगिन करून पाहिलं, तर अर्ज 'सेंड बॅक' आणि खाली इंग्रजीत शेरा, 'अपलोड व्हॅलिड इन्कम सर्टिफिकेट'.

ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "ताई, पप्पांनी खोटा दाखला नाही काढला. मी स्वतः गेले होते त्यांच्यासोबत सेतूवर."

'व्हॅलिड' म्हणजे खरा, असं तिने धरलं होतं. आपल्या बापाला सरकार खोटारडा म्हणतंय हे ओझं घेऊन ती तीन आठवडे हॉस्टेलच्या खोलीत पडून होती, आणि घरी एक शब्द बोलली नव्हती. दाखला खराच होता. तहसीलदारांच्या सहीजवळ बारीक अक्षरात ३१ मार्चची मुदत होती, ती उलटून गेली होती. बस्स, इतकंच. मी त्या ओळीवर बोट ठेवलं तेव्हा ती ओळ तिने दोनदा वाचली आणि मग रडली. तिच्या वडिलांनी पुन्हा तालुक्याला हेलपाटा घातला, नवा दाखला व्हॉट्सअ‍ॅपवर आला, आम्ही तो चढवला आणि अर्ज पुढे सरकला.

तेव्हापासून नवीन मुलगा किंवा मुलगी आली की मी पहिल्याच दिवशी सांगते : सेंड बॅक म्हणजे नकार नव्हे. कागद दुरुस्त करून परत पाठवा, एवढंच त्यात म्हटलेलं असतं. ज्यांच्या घरात आजवर कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही, त्यांना सरकारी कागदावरचा प्रत्येक शेरा शेवटचा वाटतो. मलाही वाटायचा.

दुसरी गोष्ट पाटोदा तालुक्यातल्या एका मुलाची. आईवडील ऊसतोडीला जातात, दिवाळी झाली की टोळीसोबत कारखान्याच्या भागात. पोर्टलवर त्याचा हप्ता जमा दिसत होता, पासबुकात मात्र छदाम नाही. बँकेत तीन चकरा झाल्या होत्या, तिथे म्हणत, आमच्याकडे काही आलेलं नाही. हे पैसे आपण दिलेल्या खात्यावर येतात असं सगळ्यांना वाटतं. खरं तर ते आधारला शेवटी जोडलेल्या बँकेत जातात. ती बँक कोणती हे आधारच्या साइटवर दिसतं, पण ते बघायला ओटीपी लागतो. आणि आधारला नंबर होता वडिलांचा.

वडील उसाच्या फडात. दोनदा रेंज गेली. तिसऱ्यांदा फोन लागला, तर ते म्हणाले, "मॅडम, मला ते इंग्रजी आकडे नाही वाचता येत, थांबा." मग त्यांनी कुणाला तरी हाक मारली. एका लहान पोराचा आवाज आला. त्याने एकेक आकडा मोठ्याने वाचला, मध्ये थांबून विचारलं, "हा नऊ असतो ना?" मागे कोयत्यांचा आवाज येत होता. मंगळवारची दुपार होती. ते पोर त्या वेळी शाळेत असायला हवं होतं, हे माझ्या मनातून अजून जात नाही.

आधारला जोडलेली निघाली एक पेमेंट बँक. पुण्यात आल्यावर रस्त्याकडेला छत्रीखाली सिमकार्ड घेताना त्याने मशीनवर अंगठा ठेवला होता, तेव्हाच हे खातं उघडलं गेलं होतं. त्याला पत्ताच नव्हता. पैसे मात्र तिथे सुखरूप होते. त्याचा जीव भांड्यात पडला. दुसऱ्या दिवशी आम्ही त्याच्या नेहमीच्या बँकेत जाऊन आधार जोडण्याचा फॉर्म दिला.

एक चूक माझ्या हातून झाली आहे, तीही लिहायला हवी. पहिल्या महिन्यात बाहेर रांग होती, घाई होती. मी दारातूनच एका मुलाला विचारलं, "तुझं कोणत्या कॅटेगरीतून?" रांगेतली सगळी डोकी वळली. तो "नंतर येतो" म्हणाला आणि परत आला नाही. त्याचा अर्ज कुणी भरला, भरला की नाही, मला कळलेलं नाही. आता मी "कोणती योजना?" एवढंच विचारते, तेही आत बसल्यावर. टेबलही फिरवून घेतलंय, स्क्रीन दाराकडून दिसत नाही.

लाज वाटण्यासारखं यात काही नाही, हे मी मुलांना ठासून सांगते. अनुसूचित जातींसाठीची मॅट्रिकोत्तर, म्हणजे दहावीनंतरच्या शिक्षणाची, शिष्यवृत्ती १९४४ साली सुरू झाली, बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना. स्वतः बाबासाहेब १९१३ साली कोलंबियाला गेले ते बडोद्याच्या सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर.

अनुसूचित जातींच्या या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत आता केंद्राचा ६० टक्के हिस्सा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो आणि सात दिवसांत कॉलेजची फी भरायची असते. अठरा वर्षांच्या पोराच्या खात्यात एकदम एवढी रक्कम, आणि त्याच आठवड्यात घरी आईचं ऑपरेशन. असा एक मुलगा माझ्यासमोर फोन हातात धरून बसून होता. त्याला मी अप्रामाणिक म्हणणार नाही, कुणी म्हणू नये. आम्ही दोघं अकाउंट्समध्ये गेलो, फीसाठी मुदत मागणारा अर्ज लिहिला. अर्धी रक्कम त्याने त्याच दिवशी भरली, बाकीची दोन महिन्यांत.

यंदाचं नूतनीकरण सुरू झालंय. किनवटच्या त्या मुलीने काल सकाळीच तिच्या नव्या दाखल्याचा फोटो पाठवला. मुदतीच्या ओळीभोवती पेनाने गोल केलेला होता. मूळ कागदावर खुणा करू नकोस, असं तिला लगेच कळवलं. "झेरॉक्सवरच केलाय ताई," तिचं उत्तर आलं.