मोर्शी ते चांदूर रेल्वे : पांदण आणि कॅनलच्या रस्त्यानं सायकल

विदर्भात सायकल कुठं चालवायची विचारलं की लोक एकतर चिखलदऱ्याचा घाट सांगतात नाहीतर हायवे, आणि दोन्हीकडं ट्रक आणि ट्रॅव्हल्स आहेतच. पण आपल्याकडं गावोगावी पांदण रस्ते, म्हणजे वावरांच्या मधून जाणाऱ्या कच्च्या वाटा आहेत, धरणांचे कॅनल आहेत आणि प्रत्येक मोठ्या कॅनलच्या कडेनं मुरमाचा रस्ता आहे, हे सगळं जोडत गेलं की दिवसभर गाडीचा हॉर्न ऐकू येत नाही. आम्ही तिघं जानेवारीच्या शेवटी अमरावती जिल्ह्यात हेच केलं. मोर्शी, सालबर्डी, मग संत्र्याच्या पट्ट्यातून अप्पर वर्धा धरण, तिथून उजव्या कॅनलनं तिवसा-मोझरीकडं, पुढं कौंडण्यपूर आणि शेवटी चांदूर रेल्वेला ट्रेन. ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी जमेल तेवढं लिहितोय.

मोर्शीला पोचायला अमरावतीहून एसटी आहे, अंतर साधारण ५५ किलोमीटर, आणि अमरावती-नरखेड लाईनवर मोर्शी स्टेशनही आहे, पण त्या लाईनवर गाड्या मोजक्याच म्हणून टाइमटेबल बघूनच निघा. स्टँडजवळ तर्री पोहे खाऊन निघालो. सालबर्डी आठ-दहा किलोमीटरवर, डांबरी रस्त्यानंही जाता येतं पण आम्ही पाळा गावाच्या बाजूनं पांदण धरली. सालबर्डी म्हणजे माडू नदीच्या काठचं, अगदी मध्य प्रदेशच्या सीमेवरचं गाव, सातपुडा इथूनच एकदम वर उठतो. डोंगरात गुहेतलं महादेवाचं ठाणं आहे, लोक छोटा महादेव म्हणतात, महाशिवरात्रीला इथं मोठी जत्रा भरते तेव्हा सायकल घेऊन अजिबात येऊ नका, एरवी शांत असतं. वर पायीच जावं लागतं, सायकली खाली एखाद्या दुकानात सांगून ठेवा. नदीच्या पात्रात हिवाळ्यात गुळगुळीत दगड आणि मधून मधून पाण्याची धार असते, ती ओलांडताना उतरून सायकल ढकला, शेवाळावर चाक सरकतं.

खरी मजा सालबर्डीहून खाली येताना. डोंगर यावली, दापोरी हा सगळा पट्टा संत्र्याचा. जानेवारी संपता संपता इथं एकाच शिवारात दोन्ही बहार, म्हणजे फुलोऱ्याचे दोन्ही हंगाम बघायला मिळतात, एका बागेत पावसाळ्यातल्या मृग बहाराची फळं झाडावर पिवळी पडत असतात आणि शेजारच्या बागेत मुद्दाम पाणी तोडून दिलेला ताण पाणी देऊन मोडल्यावर हिवाळ्यातल्या आंबिया बहाराची फुलं फुटत असतात. पांदणीच्या दोन्ही बाजूला बागा, मध्ये जेमतेम एक बंडी (बैलगाडी) जाईल एवढी वाट, आणि त्या पांढऱ्या बारीक फुलांचा वास सकाळी दव असताना इतका दाट येतो की आपोआप पॅडल मारणं हळू होतं. मी थांबून एक फांदी जवळून बघितली, जाड गुळगुळीत पाच पाकळ्या, मधे पिवळे केसर, आणि एकेका फुलावर दोन-दोन मधमाश्या. फुलोऱ्याला हात लावू नका, फांदी तोडू नका, शेतकऱ्याचं वर्षाचं उत्पन्न तिथं लटकलेलं असतं.

पांदणीबद्दल थोडं सांगायलाच पाहिजे. मॅपच्या ॲपवर बऱ्याच पांदणी दिसतच नाहीत, सॅटेलाइट व्ह्यू लावला की दोन वावरांच्या मधून जाणारी झाडांची रेघ दिसते ती बहुतेक पांदण. गावनकाशावर हे शिवाररस्ते दाखवलेले असतात, तलाठी ऑफिसात किंवा भूनकाशाच्या साइटवर बघता येतात. २०२१ पासून मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजनेतून बऱ्याच ठिकाणी माती-मुरूम टाकून रस्ते सुधारलेत, अशी पांदण लागली की सायकल सुसाट. जिथं काम झालेलं नाही तिथं पावसाळ्यातल्या बंडीच्या आणि ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या वाळून दगडासारख्या झालेल्या असतात, पुढचं चाक त्यात अडकलं की पडलाच, म्हणून मधल्या उंचवट्यावरून चालवा आणि नजर लांब ठेवा. काही पांदणी धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या वादात अतिक्रमणानं अरुंद झाल्यात किंवा मधेच बंद आहेत. तशी दिसली तर कुणाच्या वावरातून सायकल घालू नका, सरळ मागं फिरा नाहीतर विचारा. विचारलं की लोक मनापासून सांगतात. एका काकांनी तर आधी उलटं विचारलं, "सायकलनं काऊन आले भाऊ, बस नाही भेटली का?" आणि मग स्वतः अर्धा किलोमीटर पायी सोबत येऊन फाटा दाखवला.

दुपारी एका वावरात हरभरा काढणं सुरू होतं. तिथल्या मावशींनी हाक मारली, "थांबा जी, हुळा खाऊन जा." काडीकचऱ्याच्या जाळावर हरभऱ्याचे हिरवे डहाळे टाकले, घाटे तडतडले, मग काठीनं बाजूला ओढून राखेतून वेचून खायचे. बोटं काळी होतात, तोंड काळं होतं आणि गरम कोवळा दाणा तोंडात फुटतो त्याची चव कुठल्या एनर्जी बारला नाही. पैसे घेतले नाहीत, म्हणून आमच्याकडची चिक्की त्यांच्या पोराला दिली.

पाण्याची सोय शेतातच होते पण एक समजून घ्या. वरूड-मोर्शी भागात भूजल फार खोल गेलंय, शेतीला थ्री फेज लाईन कधी दिवसा कधी रात्री असते, त्यामुळं मोटर चालू दिसली म्हणजे लगेच बाटल्या भरून घ्या, पुढच्या बागेत चालू असेलच असं नाही. प्रत्येकी तीन लिटर तरी क्षमता ठेवा. बागेत फवारणी चालू असेल तर वाऱ्याच्या वरच्या बाजूला थांबा, ती संपल्यावर जा. आणि रानडुकरं, रोही (नीलगाय) यांना अडवायला धुऱ्यावर झटका मशीनच्या, म्हणजे विजेचा झटका देणाऱ्या तारा लावलेल्या असतात, बारीक असतात, उन्हात दिसत नाहीत, सायकल टेकवायला तारेचा आधार कधीच घेऊ नका.

अप्पर वर्धा धरण सिंभोऱ्याला, मोर्शीपासून जवळच. तेरा दरवाज्यांचं मोठं धरण आहे, भिंतीवर परवानगीशिवाय जाता येत नाही, गेटवर हुज्जत घालू नका. पण बॅकवॉटरच्या कडेला सकाळी लवकर गेलात तर हिवाळी पाहुणे दिसतात, चक्रवाक तर लांबूनच भगव्या रंगावरून ओळखू येतात, दुर्बीण असेल तर आणा.

इथून उजव्या मुख्य कॅनलचा रस्ता. माझ्या मते सगळ्या प्रवासातला हा तुकडा सर्वात भारी. कॅनल समपातळीला धरून वळत वळत जातो, उतार इतका कमी ठेवलेला असतो की डोळ्याला कळत नाही, त्यामुळं डांबरी रस्त्यापेक्षा अंतर बरंच वाढतं पण चढ म्हणून नाही. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला खाली गहू, हरभरा आणि शेवटच्या वेचणीचा कापूस. पांदणीवर आम्हाला तासाला दहा-बारा किलोमीटर पडत होते, कॅनलवर आरामात अठरा-वीस. दोन्ही काठांपैकी एका काठावरच नीट रस्ता असतो, दुसरा नुसता बांध, पूल लागला की बघून काठ बदला. जिथं नाल्यावरून कॅनल पुलासारखा नेलाय तिथं कधी कधी रस्ता तुटतो, नाल्यात उतरून पलीकडं चढावं लागतं, अशा जागी सायकल खांद्यावर घ्यायची तयारी ठेवा. हा रस्ता पाटबंधारे विभागाचा, त्यांच्या कामासाठी आहे, गेटवर माणूस असेल तर सांगून पुढं जा, ग्रुप मोठा असेल तर आधी ऑफिसात लेखी विचारलेलं बरं. रब्बीला पाणी सोडण्याची पाळी असते तेव्हा कॅनल भरून वाहतो. काँक्रीटच्या उतारावर शेवाळ असतं, पाय घसरला तर वर चढायला धरायला काही नसतं, म्हणून हात-पाय धुवायला सुद्धा खाली उतरू नका.

पंक्चरचं बोलायचं तर बाभळीचे काटे आणि सराटे. कॅनलच्या काठावर बाभळी छाटून टाकलेल्या असतात तिथं उतरून सायकल उचलून न्या. आमच्यातल्या ट्यूबवाल्या सायकलचं चाक तीनदा बसलं, सीलंट घातलेल्या ट्यूबलेसला काही झालं नाही. टायर ४० मिलिमीटर किंवा जास्त, माझं वजन सत्तरच्या आसपास आणि मी हवेचं प्रेशर ३५ पीएसआय ठेवलं होतं. गिअरची सायकल महागडीच पाहिजे असं नाही, साधी एमटीबी मस्त चालते.

मोझरीला हायवे ओलांडावा लागतो, तेवढीच पाच मिनिटं ट्रकची. गुरुकुंज आश्रमात राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची समाधी आहे, तिथं थोडा वेळ बसलो. मुक्काम कौंडण्यपूरला केला. रुक्मिणीचं माहेर म्हणून गाव प्रसिद्ध, वर्धा नदीच्या उंच काठावर मंदिर, इथून आषाढीला पंढरपूरला जाणाऱ्या पालखीची परंपरा १५९४ पासूनची सांगतात. राहायचं असेल तर देवस्थानात आधी विचारून ठेवा, जेवण गावात सांगितलं तर मिळतं, आम्हाला झुणका, ज्वारीची भाकर आणि वांग्याची भाजी मिळाली. पात्र रुंद आणि शांत दिसतं पण डोह आहेत, पोहायला जाऊ नका.

हंगामाचं एवढंच की नोव्हेंबर ते फेब्रुवारी मध्यापर्यंत जा. काळ्या मातीवर पाऊस पडला की चाक आणि फ्रेमच्या मधे चिखल भरून सायकल जाग्यावर थांबते, अवकाळी झाला तर दोन-तीन दिवस थांबाच किंवा फक्त मुरमाचा कॅनल करा. मार्चपासून ऊन झेपत नाही. अंधारात पांदणीत शिरू नका, डोंगराकडच्या भागात बिबट्याचा वावर असतो आणि रानडुकरं तर सगळीकडं. बागेतली कुत्री अंगावर आली तर पळवू नका, उतरा, सायकल मधे धरून चालत जा.

दिशा उत्तरेकडून दक्षिणेकडंच ठेवा, हिवाळ्यात वारा बहुतेक पाठीशी राहतो आणि पाण्याबरोबर जमीनही उतरत जाते. चांदूर रेल्वे मेन लाईनवर आहे, पण सगळ्या गाड्या थांबत नाहीत आणि सायकल पार्सलमधे टाकायची तर तासभर आधी पोचा. आता धरणाचा डावा कॅनल राहिलाय, तो आष्टी-आर्वीकडं जातो, पुढच्या हिवाळ्यात निघायचा बेत आहे, कुणाला यायचं असेल तर दिवाळीनंतर सांगा.