ठेकेदाराचा बिल्डर होताना

मी सिव्हिल इंजिनिअर. सांगलीत बरीच वर्षं दुसऱ्यांच्या इमारती ठेक्यावर बांधल्या, मग स्वतःची पहिली २२ फ्लॅटची स्कीम केली. या धंद्यात उतरू पाहणारे तरुण ठेकेदार आता मला भेटायला येतात आणि सळईचा दर, स्क्वेअर फुटाचा खर्च विचारतात. तो हिशेब त्यांना येतच असतो. कोणत्या महिन्यात पैसा लागेल आणि कोणत्या महिन्यात येईल, हे मात्र ठेकेदारीत शिकायला मिळत नाही. ठेक्यात झालेल्या कामाचं बिल टाकता येतं. स्कीममध्ये पहिले कित्येक महिने नुसता खर्चच.

सुरुवात जागेपासून. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली होती. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे. जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर आला. नदीकडच्या जागा स्वस्तात सांगून येत होत्या, त्या सोडल्या आणि विश्रामबागच्या बाजूला विकसन करारनाम्यावर, म्हणजे जमीन मालकांची आणि बांधणार मी अशा बोलीवर, प्लॉट घेतला. मालक दोघे भाऊ, पण उताऱ्यावर दोन्ही बहिणींची नावं. ‘ताई काही मागत नाहीत, तुम्ही कामाला लागा,’ असं भाऊ म्हणाले. मी दोघींच्या घरी जाऊन आलो, त्यांचा वाटा ठरवला आणि करारावर त्यांच्या सह्या घेतल्या. यात वेळ गेला. पुढे गिऱ्हाइकांच्या कर्जासाठी बँकेच्या वकिलाने टायटल, म्हणजे मालकीचे कागद पाहिले तेव्हा एकही शंका निघाली नाही.

प्लॉट ५०० चौरस मीटरपेक्षा मोठा आणि फ्लॅट आठपेक्षा जास्त असले की रेराची, म्हणजे गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाची नोंदणी लागते, आणि नंबर मिळेपर्यंत जाहिरात नाही, बुकिंग नाही. पाहुण्यांपैकी काही जण टोकन घेऊन घरी आले होते. चहा घेऊन पैसे परत नेले, थोडे रुसलेही. म्हणजे जागा, आर्किटेक्ट, महापालिकेचं शुल्क, हा सगळा पैसा स्वतःच्या खिशातून किंवा कर्जातून उभा करावा लागतो. तो नसेल तर घाई करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

नोंदणीनंतर खरा अभ्यास सुरू झाला. गिऱ्हाइकाने दिलेल्या १०० रुपयांतले ७० स्वतंत्र खात्यात जातात. ते फक्त जमीन आणि बांधकामासाठी वापरायचे, तेही जेवढं काम झालं त्या प्रमाणात, आणि आर्किटेक्ट, इंजिनिअर, सीए अशा तिघांची प्रमाणपत्रं देऊन. थोडक्यात, स्लॅब आधी पडतो, पैसा नंतर निघतो. म्हणून मी दर महिन्याचा तक्ता करायला लागलो: पुढच्या स्लॅबची सळई, रेडीमिक्स, सेंटरिंगवाल्याची उचल आणि त्यासमोर खात्यातून निघू शकणारी रक्कम. एका स्लॅबचा पूर्ण खर्च आणि वर थोडं, एवढं भांडवल कायम हाताशी लागतं, हे त्या तक्त्याने दाखवलं. या खात्याला कटकट म्हणणारे पुष्कळ आहेत. मला ते पटत नाही. एका स्कीमचा पैसा दुसरीकडच्या जमिनीत अडकल्यामुळे गिऱ्हाइकं वर्षानुवर्षं भाड्याच्या घरात राहिलेली आपण सगळ्यांनी पाहिली आहेत.

तक्त्याचा दुसरा उपयोग २०२२ मध्ये झाला. एप्रिलपर्यंत सळई भडकत गेली. मे महिन्यात केंद्राने पोलादावर निर्यात शुल्क लावलं तेव्हा दर उतरले. करारनाम्यात ठरलेली किंमत साहित्य महागलं म्हणून वाढवता येत नाही. सगळे फ्लॅट सुरुवातीलाच विकले असते तर ती वाढ पूर्ण माझ्या अंगावर आली असती. सात फ्लॅट शेवटचा स्लॅब पडेपर्यंत विकायचे नाहीत, असं तक्ता पाहूनच ठरवलं होतं.

ते सात फ्लॅट कसे गेले, तेही सांगतो. गावातले एक जुने व्यावसायिक आहेत, आम्ही त्यांना दादा म्हणतो. त्यांच्याकडे सल्ला मागायला गेलो तर त्यांनी गिऱ्हाइकांच्या तक्रारींची जुनी फाईल पुढ्यात ठेवली आणि म्हणाले, ‘आधी ही वाच.’ संध्याकाळभर वाचत बसलो. निम्म्याहून जास्त तक्रारी पाण्याच्या होत्या: बाथरूमखालचं छत, खिडकीचा सिल, गच्चीचा कोपरा. बांधकामातले दोष ताब्यानंतर पाच वर्षं बिल्डरने विनामोबदला दुरुस्त करायचे असतात. मी प्रत्येक बाथरूमच्या संक स्लॅबमध्ये (फरशीखालच्या खोलगट स्लॅबमध्ये) पाणी भरून दोन-तीन दिवस तसंच ठेवायला लावलं आणि खालून छत कोरडं दिसल्यावरच फरशीवाल्याला आत सोडलं. मिस्त्री कुरकुरला. गिऱ्हाइकांना मात्र मी रविवारी साइटवर बोलावून ते भरलेलं पाणी आणि खालचं छत दाखवत असे. तेच लोक आपल्या ऑफिसातल्या, शाळेतल्या माणसांना घेऊन आले. शेवटचे सात फ्लॅट एजंटाविना गेले, आणि चांगल्या दराने.

भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत वापरायला महापालिकेची परवानगी मिळाली, ताबे दिले. आमचीही आता तक्रारींची फाईल आहे, आणि नव्या साइट इंजिनिअरला रुजू झाल्या दिवशी दादांची आणि आमची, दोन्ही फायली वाचायला देतो. दुसऱ्या स्कीमसाठी जागा पाहिली आहे. तिथे तीन चुलतभावांचं वाटप अजून नोंदवलेलं नाही, म्हणून आर्किटेक्टला नकाशा काढायला सांगितलेला नाही.