बाराशे चौरस फुटांचा दर

माझ्या टेबलाच्या खणात 2020 सालचा एक हिशेबाचा कागद आहे. रिपोर्ट केव्हाच गेला, फाईल बंद झाली, फीसुद्धा जमा झाली. तो कागद मात्र टाकवत नाही.

मी पेणला राहतो आणि विम्याच्या दाव्यांत नुकसानीचा सर्व्हे करतो. लोकांना मी कंपनीचा माणूस वाटतो. तसं नाही. परवाना नियामकाचा असतो, फी कंपनी देते, पण रिपोर्टखाली सही माझी असते, आणि आकड्याचं उत्तर मलाच द्यावं लागतं.

निसर्ग चक्रीवादळ 3 जूनला दुपारी अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्याला लागलं. ताशी शंभर किलोमीटरहून जास्त वेगाचा वारा, झोत त्याहूनही जोराचे. पंधरवड्याने मी श्रीवर्धन तालुक्यात गेलो तेव्हाही म्हसळ्याच्या पुढे रस्त्याकडेला तोडलेल्या झाडांचे ढीग होते आणि विजेचे खांब शेतात आडवे पडले होते. फोन लागत नव्हते, त्यामुळे येतोय हे आधी कळवायची सोय नव्हती. पत्ता विचारत आळीत शिरलो.

घर एका निवृत्त प्राथमिक शिक्षकांचं. सत्तरी ओलांडलेले काका अंगणात बसून शाबूत कौलं एका बाजूला रचत होते. मला पाहिल्यावर पहिलं वाक्य, "साहेब, आधी वाडी बघा." घरामागे सुपारीची बाग होती, श्रीवर्धनी रोठ्याची. झाडं एकाच दिशेला झोपली होती. सुपारी लावल्यापासून उत्पन्न सुरू व्हायला सहा-सात वर्षं जातात. मी पाहिली, आणि मग सांगावंच लागलं की पॉलिसी घराची आहे, झाडं तीत येत नाहीत. काका म्हणाले, "घर वाडीवरच तर उभं राहिलंय." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी टेप काढली.

सर्व्हेअरने पहिल्यांदा ठरवायचं असतं ते हे, की गेलं ते वादळात गेलं की आधीच गेलेलं होतं. कौलाची ताजी फूट आतून लाल दिसते, जुन्या फुटीवर काळं शेवाळ धरलेलं असतं. वाळवीने खाल्लेला वासा मऊ तुटतो आणि तुटल्या जागी भुसा पडतो. वाऱ्याने मोडलेला वासा लांब चिरफळ्या काढत मोडतो. इथे सगळ्या फुटी लाल होत्या आणि वाशांना चिरफळ्या होत्या. छपराच्या समुद्राकडच्या उतारापेक्षा, म्हणजे पाख्यापेक्षा, मागच्या पाख्यावरची कौलं जास्त उडालेली. पुष्कळांना यात लबाडीचा वास येतो. ऑफिसात बसून फोटो बघणाऱ्यांनाही येतो. पण आढ्यावरून पलीकडे जाताना वारा पाठीकडच्या पाख्याला वर ओढतो, ही साधी गोष्ट आहे. पडवीवर माड पडला होता, तिची रीप न् रीप मोडली होती. शंभर चौरस फुटाला दीडशेच्या आसपास मंगलोरी कौलं लागतात. उतार आणि वळचण धरून छपराला पावणेतीन हजार बसत होती. त्यातली जेमतेम सातशे वाचलेली मी स्वतः मोजली.

आणि घर काय होतं! चिऱ्याच्या जाड भिंती, एकाही सांध्याला भेग नाही. माजघरात सागाची तुळई, फणसाच्या फळ्यांची दारं, खांबांच्या उथळ्या एकाच उंचीच्या. काकांनी दर दोन वर्षांनी लाकडाला तेल दिलेलं. मी वर्षाला शेकड्यांनी घरं बघतो. इतकं निगुतीनं राखलेलं घर क्वचित दिसतं. बाराशे चौरस फुटांना मी बांधकामाचा दर लावला दीड हजार रुपये. तसं घर तेव्हा बांधायचं तर त्याहून कमीत होणार नाही, असं मला वाटलं. आजही वाटतं.

पुढचा हिशेब असा. बाराशे गुणिले दीड हजार म्हणजे 18 लाख. वयाचा घसारा, म्हणजे जुनेपणामुळे घटलेली किंमत, निम्मा; म्हणून घराची किंमत 9 लाख. घरदुरुस्तीसाठी काकांनी बँकेकडून 6 लाखांचं कर्ज घेतलं होतं, आणि बँकेने घराचा विमाही 6 लाखांचाच उतरवला होता. हप्ता दरवर्षी खात्यातून परस्पर कापला जायचा, पाचशे रुपयांच्या आत. पॉलिसीचा कागद काकांनी पहिल्यांदा पाहिला तो माझ्या हातात. तेव्हा घरांनाही चालणाऱ्या जुन्या फायर पॉलिसीत ॲव्हरेजचं कलम होतं. नऊ लाखांच्या मालमत्तेचा सहा लाखांचा विमा असेल, तर उरलेल्या तीन लाखांपुरती विमा कंपनी तुम्ही स्वतःच. नुकसान कितीही असो, मिळणार दोन तृतीयांश. घसारा वजा जाता छपराचं नुकसान 2 लाख 70 हजार निघालं. हातात 1 लाख 80 हजार. हातात म्हणजे कागदावर, कारण पॉलिसीवर बँकेचं नाव असल्याने रक्कम आधी बँकेकडे जाते.

आता तोच हिशेब हजाराच्या दराने करा. 12 लाख, निम्मे 6 लाख, विमाही 6 लाख. ॲव्हरेज शून्य. पूर्ण 2 लाख 70 हजार. घर मी जितकं चांगलं लिहिलं तितका दावा खाली आला. फरक 90 हजारांचा, आणि त्यावर सही माझी.

त्याच आळीतलं एक घर माझ्या ओळखीच्या सर्व्हेअरकडे होतं. त्याने आत पाऊल न टाकता अंगणातून फोटो काढले, सरसकट दर लावला, आणि त्या मालकाला कपात बसली नाही. मला अशा कामाचा राग आहे. नुकसान बघायचं तर वाशाला हात लावावा लागतो. तरीही त्याच्या आळसाने एका घरावर वेळेत छप्पर चढलं, हे मला नाकारता येत नाही.

खरा दोष मी त्या बँकेच्या टेबलावर ठेवतो. कर्जाच्या रकमेइतका विमा बँकेला वाचवतो. घर वाचवायचं तर ते पुन्हा बांधायला लागेल तितक्या रकमेचा विमा हवा. हप्त्यातला फरक वर्षाला काही शे रुपयांचा होता. सही घेताना तो सांगायला दोन मिनिटं लागली असती. काका शिक्षक होते. त्यांना त्रैराशिक कळत नव्हतं असं कोण म्हणेल?

1 एप्रिल 2021 पासून घरांसाठी भारत गृह रक्षा ही पॉलिसी आली. तिच्यात क्षेत्रफळ खरं सांगितलं असेल तर ॲव्हरेज लागत नाही, नुकसान पुन्हा बांधायच्या खर्चाने धरतात, आणि घराच्या रकमेच्या 20 टक्के, कमाल 10 लाखांपर्यंत, घरातलं सामान आपोआप धरलं जातं. वादळ, पूर, दरड, घरावर पडलेलं झाड, सगळं मूळ पॉलिसीत. वादळ दहा महिन्यांनी आलं असतं तर माझा तो कागद जन्मालाच आला नसता. पण किनाऱ्यावर आजही दहा घरांत विचारलं तर नऊ घरी एकच उत्तर येतं, की तलाठ्याचा पंचनामा होतो ना. सरकारी मदत ही मदत असते, पूर्ण घर उभं करायला ती पुरत नाही. विमा असलेल्या दहाव्या घरी पॉलिसी बँकेत असते.

ऑक्टोबरात काकांचा फोन आला होता. रिपोर्टची प्रत त्यांनी मागवून घेतली होती आणि ओळ न् ओळ वाचली होती.

"साहेब, घर चांगलं आहे असं लिहिलंत म्हणून पैसे कमी झाले का?"

मी म्हटलं, "हो, काका. विमा कमी रकमेचा होता, आणि घराची किंमत जास्त निघाली."

ते थोडा वेळ बोलले नाहीत. मग फोन कानापासून दूर धरून आत हाक मारल्याचं मला ऐकू आलं. "अगं, साहेब म्हणतात, घर चांगलं होतं आपलं."